पत्त्यावरचे वाक्य आणि संगणक

पत्त्यांचा कॅट नाही असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. मे महिन्याच्या सुटीत, दुपारची जेवणे उरकली की झब्बू, गुलामचोर, बदामसात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट यांपैकी काहीतरी सुरू होते. या खेळांचे नियम कोणी पुस्तकात वाचलेले नसतात. आजीकडून, मामाकडून, शेजारच्या दादाकडून ते कानी पडलेले असतात. एका आळीतला मेंढीकोट दुसऱ्या आळीतल्या मेंढीकोटाशी तंतोतंत जुळत नाही आणि त्यावरून भांडणेही होतात. पण हा खेळ कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. उद्या आपल्या महाविद्यालयातल्या एखाद्या मुलाने संगणकावर बदामसात तयार केला तर त्याला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

आपल्या कोकणातला गंजिफाही असाच. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जवळजवळ नामशेष झाला होता. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती चित्रकला पुन्हा उभी केली. त्याचाही कोणी मालक नाही. गंजिफाची आठवण येथे ठेवून द्यावी, पुढे ती लागणार आहे.

१९९३ साली अमेरिकेत एका वेगळ्याच जातीचा पत्त्यांचा खेळ जन्माला आला. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हा अगदी लहान असलेल्या कंपनीने तो ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या नावाने विकावयास काढला. पहिल्या छपाईत २९५ निरनिराळे पत्ते होते. नावीन्य हे की सगळे पत्ते एकत्र विकत मिळत नाहीत. बंद पाकीट घ्यायचे, आत कोणते पत्ते निघतील ते नशिबावर. नको असलेले मित्राला द्यायचे, हवे असलेले त्याच्याकडून घ्यायचे, आणि अशा संग्रहातून निदान साठ पत्त्यांचा स्वतःचा कॅट जुळवून सामन्याला बसायचे. म्हणजे दोन खेळाडूंचे कॅट वेगवेगळे, आणि निम्मा डाव पत्ते हातात येण्यापूर्वीच, कॅट जुळवताना खेळला गेलेला. यालाच ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. पुढे जपानमधून पोकेमॉन आले, काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेतून निघालेले यु-गि-ओ आले, आणि त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकांबरोबर त्यांची नावे आपल्या मुलांपर्यंत पोहोचली.

पनवेलसारख्या गावात शाळेजवळच्या दुकानांत पोकेमॉनच्या पत्त्यांची पाकिटे लटकलेली दिसतात. त्यांतली पुष्कळशी नकली छपाईची असतात. मुले ती हौसेने जमवतात आणि ज्याच्या पत्त्यावरचा आकडा मोठा तो जिंकला, असा सोपा डाव मांडतात. हा डाव खरे तर आपल्याकडे ‘ट्रम्प कार्ड’ म्हणून चालत आलेल्या क्रिकेटपटूंच्या आणि कुस्तीगीरांच्या पत्त्यांचा आहे. पत्त्यावर आकड्याखाली बारीक अक्षरांत जे इंग्रजी वाक्य छापलेले असते तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. गंमत अशी की खेळ सगळा त्या वाक्यातच आहे.

अस्सल पत्ते घेऊन खेळावे म्हटले तर खर्चाची मर्यादा आड येते. एका पाकिटाला काही शे रुपये पडतात आणि एका पाकिटाने काहीच होत नाही. दुर्मिळ पत्त्यांची तर गोष्टच निराळी. मॅजिकच्या पहिल्या छपाईतला ‘ब्लॅक लोटस’ नावाचा एक पत्ता २०२१ साली पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. अशा काही जुन्या पत्त्यांची फेरछपाई कधीच करणार नाही असे आश्वासन कंपनीने १९९६ सालीच संग्राहकांना दिले आहे. संग्राहकाला ते गोड वाटले असेल. खेळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या आश्वासनाचा अर्थ एवढाच की हे पत्ते आपल्या हाती कधी येणार नाहीत.

येथे चाहत्यांचे संगणक पुढे येतात. कंपन्यांनी स्वतःच्या संगणकीय आवृत्त्या काढल्या आहेतच. मॅजिकची पहिली १९९७ साली आली, ‘मॅजिक ऑनलाइन’ २००२ साली. पण तिथेही पत्ते पैसे मोजून किंवा चिकाटीने मिळवावे लागतात. त्यांच्या शेजारी हौशी मंडळींनी मोबदला न घेता लिहिलेले, मूळ संहिता सर्वांना खुली असलेले कार्यक्रम उभे राहिले. त्यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. ‘कॉकॅट्रिस’ हा केवळ एक टेबल आहे. तो पत्ते पिसतो, वाटतो, सरकवू देतो. नियम मात्र त्याला एकही ठाऊक नाही. चूक-बरोबर खेळणाऱ्यांनीच ठरवायचे, अगदी सतरंजीवर बसल्यासारखे. ‘एक्समेज’ हा पंच आहे. गैर चाल तो करूच देत नाही. ‘फोर्ज’ पंच तर आहेच, शिवाय समोर बसून खेळतोही. दुसरा माणूस नसला तरी त्याच्याशी डाव मांडता येतो. तो मोबाइलवर चालतो आणि त्याला इंटरनेटची सतत गरज लागत नाही, त्यामुळे पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये वाशीच्या खाडीवर रेंज गेली तरी डाव मोडत नाही. यु-गि-ओसाठी चीनमध्ये सुरू झालेला ‘वायजीओप्रो’ हाही पंचाच्या जातीचा.

टेबल तयार करणे हे कसबी माणसाला काही महिन्यांचे काम. पंच तयार करणे हे वर्षानुवर्षे न संपणारे काम आहे, आणि त्याचे कारण कला शाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याइतकेच, कदाचित थोडे अधिकच, जवळचे वाटावे.

बुद्धिबळाचे नियम दोन-चार पानांत मावतात. मॅजिकची नियमावली अडीचशे पानांच्या पुढे गेली आहे, आणि एवढे करून तिच्या आरंभीच असे सांगितले आहे की पत्त्यावरचे वाक्य नियमाच्या विरुद्ध गेले तर पत्त्याचे खरे मानावे. आता पत्ते आहेत पंचवीस हजारांहून अधिक. म्हणजे एक सामान्य नियमशास्त्र आणि त्याला पंचवीस हजार अपवाद. संस्कृत व्याकरणाशी ज्यांची थोडी ओळख आहे त्यांना हे ऐकून पाणिनी आठवल्यावाचून राहणार नाही. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद हा उत्सर्गापेक्षा बलवान. अष्टाध्यायीची सुमारे चार हजार सूत्रे या तत्त्वावर उभी आहेत. समान बळाच्या दोन सूत्रांचा विरोध आला तर काय करावे, याचीही पाणिनीने सोय केली आहे : ग्रंथक्रमात जे नंतरचे, ते लागू करावे. मॅजिकमध्ये दोन पत्ते एकाच प्राण्याचे बळ निरनिराळे ठरवू लागले तर जो पत्ता काळाने नंतर लागू झाला त्याचे चालते. एकाने ग्रंथातला क्रम घेतला, दुसऱ्याने घड्याळातला. पण अडचण तीच आणि तोडग्याची जातही तीच. गारफील्ड यांनी पाणिनी वाचला होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. नियमांचे जाळे पुरेसे दाट झाले की माणसाला अशाच वाटा सापडत असाव्यात.

उदाहरण घेतल्याशिवाय हे पटणार नाही. माझ्यासमोर एक अस्वल आहे, बळ दोन आणि सहनशक्ती दोन. प्रतिपक्षी त्याच्यावर ‘लाइटनिंग बोल्ट’ म्हणजे विजेचा लोळ टाकतो. त्याची इजा तीन. अस्वल मरायला हवे. पण वीज पडण्यापूर्वी मी ‘जायंट ग्रोथ’ हा पत्ता टाकतो. त्याने अस्वलाचे दोन्ही आकडे त्या पाळीपुरते तीनाने वाढतात. नियम असा की चाली ताटांच्या चळतीसारख्या एकावर एक रचायच्या आणि वरचे ताट आधी उचलायचे. म्हणून माझी वाढ आधी फळते, अस्वल पाच-पाचचे होते आणि वीज त्याला केवळ चाटून जाते. आता क्रम उलटा करा. मीच उतावीळपणे वाढीचा पत्ता आधी टाकला आणि प्रतिपक्ष्याने त्यावर वीज टाकली, तर वीज वरच्या ताटात. अस्वल आधी मरते आणि माझी वाढ वाया जाते. पत्ते तेच, वाक्ये तीच, क्रम बदलला आणि निकाल फिरला. समोरासमोर खेळणारे दोघे हे चार शब्दांत समजून घेतात. संगणकाला मात्र प्रत्येक पत्त्यानंतर थांबून ‘यावर कोणाला काही करायचे आहे काय?’ असे दोघांना विचारावे लागते. नवख्याला हे थांबणे त्रासाचे वाटते. तो थांबला नाही तर खेळच चुकतो.

आता तिसरा पत्ता आणा, जो म्हणतो की सर्व प्राण्यांचे मूळ बळ आणि सहनशक्ती एक-एक होईल. माझ्या वाढलेल्या अस्वलाचे काय? नंतरचा पत्ता खरा मानला तर ते एक-एकचे व्हावे. पण येथे नियमावलीने आणखी एक पायरी केली आहे. मूळ आकडा ठरवणारे वाक्य आधी विचारात घ्यायचे आणि त्यात भर घालणारे नंतर, मग ते कोणत्याही क्रमाने आलेले असो. म्हणून उत्तर चार-चार. परिणामांच्या अशा सात पायऱ्या आहेत. शिवाय ‘करता येईल’ आणि ‘करता येणार नाही’ अशी दोन वाक्ये समोरासमोर आली तर निषेध जिंकतो. एक पत्ता म्हणतो आणखी दोन पाने ओढा, दुसरा म्हणतो एका पाळीत एकापेक्षा जास्त पान कोणालाही ओढता येणार नाही. तर दुसऱ्याचे चालते.

यु-गि-ओमध्ये तर गोष्ट विरामचिन्हांवर येते. २०११ पासून त्या पत्त्यांची भाषा बांधून दिली आहे : अपूर्णविरामाच्या आधी येते ती अट, अर्धविरामाच्या आधी येते ती किंमत, आणि त्यापुढचा भाग म्हणजे परिणाम. ‘जर’ आणि ‘जेव्हा’ यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘जेव्हा अमुक घडेल तेव्हा तुम्ही तमुक करू शकता’ असे वाक्य असेल आणि ते अमुक घडल्यावर मध्येच आणखी काही घडून गेले, तर संधी हुकली. वाक्य ‘जर’ने सुरू झाले असेल तर हुकत नाही. आपण निबंधात अर्धविराम टाकला काय आणि स्वल्पविराम टाकला काय, गुरुजी फार तर लाल रेघ मारतील. येथे त्यावर सामना जातो.

चाहत्याला जे काम करावे लागते ते हेच. नवा संच बाजारात आला की शेकडो नवी वाक्ये येतात. प्रत्येक वाक्य वाचायचे, ते कोणत्या सामान्य नियमाला कोठे छेद देते हे ठरवायचे आणि यंत्राला कळेल अशा भाषेत पुन्हा लिहायचे. एक्समेजमध्ये प्रत्येक पत्त्यासाठी जावा भाषेतला स्वतंत्र छोटा कार्यक्रम असतो. फोर्जमध्ये प्रत्येक पत्त्याची चार-सहा ओळींची साधी मजकुराची धारिका असते : नाव, किंमत, प्रकार, आणि मग परिणामाचे सूत्र. विजेच्या लोळाचे सूत्र जेमतेम एका ओळीत बसते. काही पत्त्यांना पान पुरत नाही. चूक झाली तर कोणी खेळाडू कळवतो, चर्चा होते, सूत्र दुरुस्त होते. सूत्रावर भाष्य आणि भाष्यावर टीका, ही परंपरा आपल्याला नवी नाही. फक्त येथे भाष्य चुकले तर खेळ तिथल्या तिथे अडकतो, आणि भाष्यकाराला रात्री उठून दुरुस्ती करावी लागते.

इतके करूनही पंच सर्वज्ञ होऊ शकत नाही. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक या तिघांनी २०१९ साली दाखवून दिले की मॅजिकच्या पत्त्यांची विशिष्ट मांडणी केली तर तिच्यातून कोणतीही संगणकीय आकडेमोड करवता येते, आणि त्यामुळे अशा काही डावांत शेवटी कोण जिंकेल हे कोणत्याही यंत्राला आधी सांगता येणे तत्त्वतःच अशक्य आहे. एका विरंगुळ्याच्या खेळात एवढे निघावे याचे कौतुक वाटते.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण ही चोरी नव्हे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्याला एका शब्दाचे उत्तरही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात, ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात, असे सांगितले की कल्पनेवर, विषयावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो असतो अभिव्यक्तीवर. खेळांच्या बाबतीतला आपल्याकडचा सर्वांत जवळचा खटला २००८ सालचा. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी स्क्रॅबल या शब्दखेळाची ‘स्क्रॅब्युलस’ नावाची संगणकीय आवृत्ती केली होती आणि फेसबुकवर रोज लाखो लोक ती खेळत होते. अमेरिकेत स्क्रॅबलची मालकी हॅस्ब्रोकडे, अमेरिका-कॅनडाबाहेर मॅटेलकडे. मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने खेळाचा पट आणि नियम यांवरचा स्वामित्वहक्काचा दावा मान्य केला नाही. मात्र स्क्रॅबलशी मिळतेजुळते नाव वापरण्यास मनाई केली. बंधूंनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केले आणि खेळ चालू ठेवला. मॅजिकची कंपनी १९९९ पासून याच हॅस्ब्रोच्या मालकीची आहे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.

म्हणजे ढोबळमानाने नियम मोकळे. नाव, चित्र आणि शब्दरचना बांधलेली. पत्त्यांच्या खेळात अडचण अशी की नियम शब्दांतच असतात आणि पत्त्याचे अर्धे अंग चित्राने व्यापलेले असते. ती चित्रे काढणारे चित्रकार त्यावर पोट भरतात. चित्रे उचलून त्यावर जाहिरातींचा पैसा करणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही. वर सांगितलेले कार्यक्रम चित्रे स्वतःबरोबर वाटत नाहीत, ती खेळणाऱ्याच्या यंत्रावर वेगळी उतरवून घेता येतात. ही पळवाट आहे असे कंपनीचा वकील म्हणेल आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसेल. पण चित्र काढून टाकले तरी फोर्जमध्ये खेळ उरतो, आणि जे उरते ते चाहत्यांच्या श्रमाचे असते. कायद्याचा निवाडा मात्र नेहमी न्यायालयात होत नाही. यु-गि-ओचे ‘ड्युएलिंग नेटवर्क’ हे चाहत्यांचे ठिकाण २०११ पासून भरभराटीत होते. कायदेशीर नोटीस आली आणि २०१६ मध्ये ते बंद झाले. बिनपगारी माणसे वकिलाची फी कोठून आणणार?

दुसरी बाजूही पाहावी. कंपनीचे म्हणून जे असते ते तरी टिकते काय? पोकेमॉनच्या पत्त्यांची अधिकृत संगणकीय आवृत्ती जून २०२३ मध्ये बंद करून तिच्या जागी नवी आणली गेली. स्टार वॉर्सच्या पत्त्यांचा खेळ १९९५ पासून डिसायफर ही कंपनी काढत असे. २००१ च्या अखेरीस तिचा परवाना गेला आणि छपाई थांबली. तेव्हापासून खेळाडूंचीच एक समिती नवे पत्ते रचते आहे. गारफील्ड यांच्याच ‘नेटरनर’चे नवे रूप २०१२ पासून निघत होते, २०१८ मध्ये परवान्याअभावी तेही संपले. लगेच स्वयंसेवकांनी मंडळ काढले, ते आज नल सिग्नल गेम्स या नावाने नवे पत्ते काढते, आणि चाहत्यांनीच लिहिलेल्या संगणकीय टेबलावर तो खेळ चालतो. कंपनीने सोडलेले मूल गावाने वाढवावे, तसा हा प्रकार.

आता गंजिफाकडे येऊ. त्याची चित्रे वाचली, पण तो खेळणारे हात फार थोडे उरले. आपल्या महाविद्यालयातल्या संगणकाची आवड असलेल्या दोन मुलांनी आणि पत्ते रंगवू शकणाऱ्या एका मुलीने मनावर घेतले तर त्याचा पंच तयार करणे आवाक्यातले आहे. पंचवीस हजार पत्ते नाहीत, १२० आहेत. पाच रंगांत दहाचे पान वरचढ आणि पाच रंगांत एक्का वरचढ, हे यंत्राला दोन ओळींत सांगता येईल. परवानगी कोणाचीही नको. घोटाळा एका वाक्यापाशी होणार. दिवसा रामाच्या राजाने उतारी करावी, रात्री कृष्णाच्या. यंत्राला दिवस-रात्र घड्याळावरून कळेल. पण सूर्यास्त पंचांगातला धरायचा की दिवेलागणीचा, आणि डाव उन्हात सुरू होऊन अंधारात संपला तर पुढच्या हाताला राम की कृष्ण, हे वाक्यात लिहिलेले नाही. ते खेळलेल्या माणसालाच विचारावे लागेल. पनवेलहून कोकण रेल्वेने सावंतवाडी एका दिवसात गाठता येते.